माझ्या नावातला ळ

माझं नाव कमळजा आहे. कमला नाही, कमल नाही, कमळा नाही, आणि कमलजा तर नाहीच नाही. हे मी आयुष्यात इतक्या वेळा सांगितलं आहे, की आता सांगताना आवाज आपोआप चढतो आणि समोरचं माणूस दचकून बघतं. परवा बँकेत तसंच झालं. खिडकीमागची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आजी, रागावू नका ना, एका अक्षराचाच तर फरक आहे." मी म्हटलं, "मग तो तू काढून टाक. मी काऊन सोसू?" राग आला की माझ्या तोंडात अजून गावची बोली येते. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, आई, या वयात कशाला लोकांशी भांडतेस, हसून सोडून द्यावं. त्याचं नाव अजय. त्याच्या नावाशी कोणी काय वाकडं करणार? ज्यांची नावं जन्मभर सरळ लिहिली गेली, तेच नेहमी हसून सोडायला सांगतात, हे मी पाहून ठेवलं आहे.

माझ्या आधीची दोन मुलं मायच्या मांडीवरच गेली. माझ्या वेळी तिची धाकटी बहीण, लोणारला दिलेली माझी मावशी, तिला आपल्याकडे घेऊन गेली. तिथे सरोवराच्या काठाशी, खाली झाडीत कमळजादेवीचं देऊळ आहे. माय पोटुशी होती, तरी तो सगळा उतार उतरून गेली आणि देवीला म्हणाली, हे लेकरू जगलं तर तुझं नाव ठेवीन. मावशीनं विचारलं, अन् पोट्टा झाला तं? माय म्हणाली, पोट्टीच होईन. झाले मी, जगलेही, आणि बोलल्याप्रमाणे मायनं नाव ठेवलं. गंमत अशी, की ते नाव तिला स्वतःला उच्चारता येत नव्हतं. आमच्याकडे जुन्या माणसांच्या जिभेवर ळ येत नाही, त्याचा य होतो. डोळ्याला डोया म्हणतात, केळीला केयी. म्हणून मी घरात, गल्लीत, मळ्यात कमयजा होते, आणि लाडात कमयी.

आमचं गाव अमडापूरच्या अलीकडे, लहानसं. भाजीपाल्याचा मळा, विहिरीवर मोट. मोटेचं चाक दिवसभर कुरकुरायचं, आणि त्या कुरकुरीच्या वरून मायची हाक यायची, "कमयजाऽऽ, भाकर खाऊन घे वोऽऽ!" मी मिरच्यांच्या वाफ्यात असले तरी मला ती ऐकू यायची. बांधावर बसून आम्ही जेवायचो. ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी उरलेल्या बारक्या वांग्यांची भाजी. चांगली वांगी टोपलीत जायची, वाकडी आमच्या पोटात. पौषात कधी माय शेणाच्या गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायची, तेव्हा राखेचा वास दोन दिवस हाताला राहायचा, आणि मी तो शाळेत बसून हुंगायची. बाबा सांबाराच्या जुड्या बांधत. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. जुड्या बांधायला रद्दीचा कागद आला, की तो आधी वाचायचे, शब्दाखाली बोट धरून, ओठ हलवत. ते दुसरीपर्यंत शिकले होते. वाचून झाल्यावर कागदाची घडी घालायचे आणि मगच कामाला लागायचे. फार कमी बोलणारा माणूस. लिहिलेल्या गोष्टीबद्दल त्यांना देवासारखा आदर होता, आणि त्या आदरानंच माझा घात केला.

शाळेत पहिलीपासून मला कमला म्हणत. कधी कमल, कधी कमळी. लहानपणी मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटायचं, जशी शाळेची भाषा वेगळी, तसं शाळेचं नावही वेगळं असत असेल. सातवीत गेले, तेव्हा शाळेला नवे मोठे गुरुजी आले. पुण्याकडचे होते. पांढरंस्वच्छ धोतर, काळा कोट, नजर करडी. गणित इतकं सुरेख शिकवायचे की आजही मी व्याज काढते ते त्यांच्याच रीतीनं. भाषेच्या बाबतीत मात्र आमची रोज हजामत व्हायची. "मले पाणी पाहिजे" म्हटलं की ते हात वर करून म्हणायचे, "मले नाही, मला." मग पूर्ण वर्ग एका सुरात म्हणायचा, "मला." ते मी मनापासून केलं. मले टाकलं, मला घेतलं. शाळा त्यासाठीच असते, असं मला तेव्हाही वाटायचं, आताही वाटतं.

एके दिवशी त्यांनी फळ्यावर सातवीच्या परीक्षेला बसणाऱ्यांची नावं लिहिली. म्हणाले, "नीट बघून घ्या. हीच नावं परीक्षेच्या दाखल्यावर येतील आणि तुमच्या बरोबर जन्मभर राहतील." आम्ही तीनच मुली होतो. माझं नाव होतं, कमला विश्वनाथ. त्याखाली माझी बाकावरची मैत्रीण यशोधरा, तिचं लिहिलं होतं यशोदा. जन्मभर हा शब्द मी पुन्हा मनात म्हटला. मला दिसलं, की ही कमला नावाची कोणी दुसरीच मुलगी माझी परीक्षा पास होणार, बुलढाण्याला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला जाणार, मास्तरीण होणार, आणि मी कमयजा इथेच मिरच्यांच्या वाफ्यात राहणार. मी उभी राहिले.

"गुरुजी, माझं नाव कमळजा आहे."

"असं नाव नसतं," ते म्हणाले. "कमला. लक्ष्मीचं नाव आहे, चांगलं आहे."

"देवीचं हाये. लोणारच्या देवीचं."

"हाये नाही, आहे. घरी काय म्हणतात तुला?"

मी खरं ते सांगितलं. "कमयजा."

ते हसले. वाईट हसले असं मी म्हणणार नाही, शिकलेला माणूस अडाण्याच्या बोलण्यावर हसतो तसं हसले. "बघ. हे अशुद्ध झालं. मले शुद्ध केलं की मला होतं ना, तसं कमयजा शुद्ध केलं की कमला होतं. बस खाली."

मी बसले. पण माझे कान तापले होते. भाषा शुद्ध करा, पाढे शुद्ध करा, हस्ताक्षर शुद्ध करा. माझ्या मायनं देवीला दिलेला शब्द शुद्ध करायला यांना कोणी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रार्थनेच्या आधीच, यशोधराचे वडील शाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले. मजुरी करणारा माणूस. खांद्यावर विळा, अंगात धुतलेला सदरा. नव्यानं बौद्ध झालेल्या घरांपैकी त्यांचं घर, आणि मुलीचं नाव त्यांनी विचारून, शोधून ठेवलं होतं. ते म्हणाले, "गुरुजी, पोरीचं नाव यशोदा नाही. यशोधरा. मधी ध आहे, अन् नंतर र."

"एकच की हो," गुरुजी म्हणाले.

"एक कसं? त्या दोन अलग बाया आहेत," ते म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले. ना बसले, ना गेले. गुरुजींनी दाखल-खारीजचं रजिस्टर काढलं. त्यात यशोधराच लिहिलेलं होतं, कारण नाव घालायच्या दिवशीही हा माणूस असाच उभा राहिला होता. गुरुजींनी फळ्यावरचं नाव पुसून नीट लिहिलं. यशोधराचे वडील कामावर निघून गेले. मी लगेच म्हटलं, "गुरुजी, माझंही बघा." त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "तुझं कमलाच आहे. रजिस्टरात आहे तेच नाव." रजिस्टर मिटलं.

त्या दिवसापासून मी हजेरीला उत्तर देणं बंद केलं. ठरवून केलं असं नाही. गुरुजींनी "कमला विश्वनाथ" म्हटलं, आणि माझ्या तोंडातून "हजर" निघालंच नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. पुन्हा म्हटलं. मी समोरच्या बाकावर त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बसले होते. "कमला विश्वनाथ, गैरहजर," असं म्हणत त्यांनी रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं. मग त्याच तासाला त्यांनी मला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं, "ए, तू ये," असं. मी सोडवलं, बरोबर आलं, ते "छान" म्हणाले. गैरहजर मुलीला! असे नऊ दिवस गेले. यशोधरा रोज मला कोपरानं ढोसायची. "बोल वं कमये, हजेरी भरली नाई तं परीक्षेले बसू नाई देणार." मला ते माहीत होतं. परीक्षा नाही तर ट्रेनिंग नाही, आणि वरवट बकालकडचं एक स्थळ तर केव्हापासून निरोप धाडून राहिलं होतं. भीती वाटायची. पण तोंड उघडायचं नाही.

दहाव्या दिवशी गुरुजींनी बाबांना बोलावलं. बाबा मळ्यातून तसेच आले, पायाला चिखल, म्हणून ते उंबऱ्याच्या आत येईनात. गुरुजींनी सगळं सांगितलं आणि रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरलं. माझ्या नावाची ओळ. कमला विश्वनाथ. शेवटच्या रकान्यात बाबांची सही, एका बाजूला कललेली, एकेक अक्षर सुटं.

"ही सही कुणाची?"

"माहीच."

"न वाचता केली होती?"

बाबांनी त्या ओळीखाली बोट धरून ती पुन्हा वाचली. मला वाटलं, आता म्हणतील, हो, न वाचता केली होती, घाईत होतो. मी मनातल्या मनात त्यांना तसं म्हणायला सांगत होते. ते म्हणाले, "नाई. वाचून केली होती."

मी इतकी संतापले की रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संतापले. नऊ दिवस मी गुरुजींवर दात खाल्ले, आणि नाव घालवलं कोणी, तर माझ्या घरच्यानंच. परतताना पांदीत, शेतांमधल्या वाटेवर, मी त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"बाबा, तुमी वाचलं होतं?"

"हाव."

"मंग बोलले काऊन नाई?"

"मी कमयजा सांगतलं. तवाच्या मास्तरनं कमला लिहिलं. मले वाटलं, लिहिताना असंच लिहित असतीन. शिकलेल्या मानसाले कसं टोकावं?"

"यशोधराच्या बाबानं टोकलं."

ते थांबले. खांद्यावरचा पंचा काढला, पुन्हा टाकला. "हाव," म्हणाले. "त्यायले तं आजवर कोनी बोलू देल्लं नाई, तरी ते बोलले. मले कोनी अडवलं नव्हतं, तरी मी नाई बोललो." एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं असेल. तेव्हा मला त्यांची दया आली नाही. खरं सांगायचं तर बरीच वर्षं आली नाही.

घरी आल्यावर त्यांनी मायला आपण होऊन सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. ऐकून घेतलं, तव्यावरची भाकर उलटली आणि काही बोलली नाही. माझी माय तोंडाची फटकळ होती, बाजारात तिच्याशी भाव करायला बाया बिचकायच्या. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी भयंकर आहे, हे आम्ही ओळखून होतो. दुसऱ्या सकाळी तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, कपाळावर मोठं कुंकू लावलं आणि मला म्हणाली, "चाल." ती शाळेत यापूर्वी कधी आली नव्हती. रस्ता मीच दाखवला.

गुरुजींनी खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

"गुरुजी, पोट्टीचं नाव दुरुस्त करा."

"बाई, नाव काय तिचं? तुमच्याच तोंडून ऐकू."

मला कळलं ते काय करताहेत. मी मायच्या लुगड्याला धरलं, पण तोवर ती बोलून गेली होती. "कमयजा."

गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंस?" मग तिला म्हणाले, अगदी सौम्यपणे, "बाई, राग मानू नका. तुम्हाला स्वतःलाच ते नाव धड घेता येत नाही. आणि मला म्हणता दुरुस्त करा."

मला वाटलं, जमीन फाटावी. मायला मात्र लाज वाटल्याचं काही दिसेना. ती म्हणाली, "मले नाई येत घेता, गुरुजी. ते अक्षर माह्या जिभीवर येतच नाई. म्हनून तं पोट्टी तुमच्याकडे धाडली. मलेच येत असतं, तं तुमचं काय काम होतं?"

बाहेर मुलं पाढे म्हणत होती. ती सोळाच्या पाढ्यापासून एकोणीसपर्यंत पोचली, तेव्हा गुरुजी फळ्याकडे वळले. मग त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "लिही." मी कचेरीतल्या लहान फळ्यावर लिहिलं, कमळजा विश्वनाथ. त्यांनी ते दोनदा वाचलं, एकदा मनात, एकदा मोठ्यानं. बाबांकडून एक अर्ज लिहून आणवला. लाल शाईच्या दौतीत टाक बुडवला, पट्टी लावून जुनं नाव खोडलं, वर नवं लिहिलं आणि बाजूला सही केली. त्या माणसाबद्दल मला एवढं चांगलं लिहावं लागेल, की त्यानंतर त्यांनी माझं नाव कधी चुकवलं नाही, आणि ळ चांगला ठासून म्हणायचे. पण नऊ दिवसांच्या गैरहजेरीला त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, हजेरी तोंडानं द्यायची असते. पुढे सर्दी झाली, ताप आला, पाय मुरगळला, तरी मी एक दिवस शाळा चुकवू शकले नाही. हिशेब अगदी काठावर भरला. ते नऊही दिवस मी तिथे बसले होते. पहिल्या बाकावर.

पुढे मी स्वतः मास्तरीण झाले आणि छत्तीस वर्षं हजेरी घेतली. दर वर्षी पहिल्या दिवशी एकेका मुलाला जवळ बोलावून विचारायची, तुझी माय तुला काय म्हणते? कोणी लाजायचं, कोणी पुटपुटायचं. मग आम्ही दोघं मिळून ते कसं लिहायचं ते ठरवायचो. बरोबरच्या शिक्षकांना हा वेळेचा अपव्यय वाटे. वाटू दे.

सातवीची ती परीक्षा मी पास झाले. चांगली पास झाले. दाखले आले तेव्हा गुरुजींनी माझा दाखला हातात ठेवला आणि तेच खाली बघायला लागले. सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, कमलजा विश्वनाथ. शाळेतून ळ बरोबर गेला होता, तिकडे जिल्ह्याच्या कचेरीत कोणाच्या तरी टाकानं त्याचा ल केला होता. या वेळी मला रडूसुद्धा आलं नाही. मी तो कागद घरी नेला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी बोट धरून वाचला. पुन्हा वाचला. घडी घातली नाही. सकाळी फडक्यात चार भाकरी आणि ठेचा बांधून ते अमडापूरला गेले आणि तिथून मोटारीनं बुलढाण्याला. ऐन मिरची तोडायचे दिवस होते, मोट मायनं आणि मी हाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले. काय झालं ते त्यांच्याकडून ओढून ओढून काढावं लागलं. पहिला दिवस त्यांना कोणी आत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी आत गेले, तर कारकून म्हणाला, बाबा, एवढ्या एका अक्षरासाठी एवढ्या लांब आलात? बाबा म्हणाले, "मंग तुमच्या नावातलं एखांदं काढून टाका, मी जातो वापस." कारकुनानं खाडाखोड करून द्यायची तयारी दाखवली. बाबांनी घेतलं नाही. कोऱ्या कागदावर लिहा म्हणाले. साहेब येईपर्यंत टेबलापाशी उभे राहिले, साहेब आल्यावर त्यांच्यापुढे उभे राहिले, आणि नवा दाखला हातात पडल्यावर तिथेच बोट धरून वाचून मगच निघाले. माझा बाप, जो बाजारात गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा भाव सांगायला लाजायचा!

त्यांनी सदऱ्याच्या आतून कागद काढून मला दिला. मी मोठ्यानं वाचला. माय पदराला हात पुसत आली आणि माझ्या शेजारी टेकली. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती कागदाकडे टक लावून बघत होती.

"ह्यात ते कोनतं?" तिनं विचारलं.

मी तिचं बोट धरून ळवर ठेवलं. तिनं बोट उचलून खाली बघितलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा बघितलं.

"हे एवढंसं?"

"हाव."

"एवढंसंच तं हाये," माय म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "मंग लिहाले काय झालं होतं त्यायले?"